चावलेल्या काडीचा चष्मा

भिंगकाकांच्या दुकानावरची पाटी इतकी पुसट झाली होती, की धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही ती वाचताना आपल्याला चष्मा लागलाय की काय अशी शंका यावी. रंगवून घ्या, रंगवून घ्या, असं काकू वीस वर्षं सांगत होत्या. शेवटी त्यांनीच नाद सोडला. "राहू दे. गिऱ्हाईक पाटी बघून घाबरतं आणि आपणहून आत येतं. याहून चांगली जाहिरात कोण करणार?"

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उभं राहिलं तर डोक्याला पायरी लागायची, म्हणून काका बसूनच असायचे. समोर काचा घासायचं चाक, त्याच्यावर थेंब थेंब गळणारी पाण्याची बाटली, डाव्या हाताला मोहरीएवढे स्क्रू ठेवलेल्या डब्या, आणि कोपऱ्यात साबणाच्या पाण्याचं एक निळं घमेलं. हे घमेलं नीट लक्षात ठेवायचं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निघाला.

त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक रीत पडून गेली होती. कुणी देवाघरी गेलं, की महिन्या-दोन महिन्यांनी घरातलं कुणीतरी रुमालात बांधून त्या माणसाचा चष्मा काकांकडे आणून द्यायचं. कपडे नात्यात जातात, घड्याळ मुलगा वापरतो, पण चष्मा असा की दुसऱ्याला चालत नाही आणि टाकवतही नाही. काका तो दोन्ही हातांनी घ्यायचे. नावाची चिठ्ठी काढून टाकायचे, चष्मा घमेल्यात बुडवून धुवायचे, पंच्यावर वाळत ठेवायचे. आणि गुरुवारी दुपारी दुकान बंद करून लाकडी पेटी खांद्याला लावून निघायचे. ज्यांना दुकानाची पायरी चढायची हिंमत होत नाही, अशांकडे.

चिठ्ठी का काढायची, यावर काकूंचा आणि त्यांचा एकदा वाद झाला होता.

"अहो, कुणाचा होता ते घेणाऱ्याला कळलं तर काय बिघडलं?"

"घेणाऱ्याच्या नाकावर आधीच चष्म्याचं वजन. त्यात मेलेल्या माणसाचं कशाला?"

"आणि तुमच्या खांद्यावर?"

"माझा खांदा मजबूत आहे."

"हो ना, म्हणूनच दर शुक्रवारी मला तेल चोळायला लावता."

काकांचा दुसरा नियम असा, की चष्मा डोळ्याला लावायचा नाही, हाताला लावायचा. म्हणजे भिंतीवर अक्षरं टांगून 'वाचा' म्हणायचं नाही. बाई धान्य निवडत असेल तर निवडताना नंबर बघायचा, म्हातारा औषधाची बाटली ओळखू शकत नसेल तर त्याच्याच बाटलीवर बघायचा. एकदा पाळकसाहेबांनी त्यांना उपासनेत चार शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा काका बोलले तेही हेच. प्रभूनं बायबलातल्या त्या आंधळ्याला हाताला धरून गावाबाहेर नेलं, डोळ्यांना हात लावला आणि विचारलं, काही दिसतंय का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण झाडांसारखी. मग प्रभूनं पुन्हा हात लावला. "आता पहिल्यांदा नंबर चुकला, असं म्हणायची माझी छाती नाही," काका म्हणाले आणि मंडळी हसली. "पण मला एवढं कळतं, की देऊन तो निघून गेला नाही. दिसतंय का म्हणून विचारायला थांबला. आणि दुसऱ्यांदा हात लावायला त्याला लाज वाटली नाही." एवढं बोलून ते खाली बसले. आयुष्यातलं त्यांचं हे एकमेव भाषण. काकूंच्या मते ते एका मिनिटानं लांबलं.

तर त्या गुरुवारी काका धान्याच्या गोदामामागे गेले. तिथे भिंतीच्या सावलीत फाटक्या पोत्यांचा ढीग असतो आणि ढिगाशेजारी दाभणबाई. दाभण म्हणजे पोती शिवायची वीतभर लांब, टोकाला वाकडी सुई. बाईंचं सगळं आयुष्य या सुईमागे गेलं, म्हणून त्यांचं नाव तेच. पोतं मांडीवर, सुतळी कानावर, आणि डाव्या हाताच्या चार बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"बाई, सुतळी ओवा बघू."

"ओवते की. भोक असेल तर ओवीन. या मेल्यानं भोकच बुजवलंय."

"भोक आहे."

"तुम्हाला दिसतंय? मग तुम्हीच ओवा आणि तुम्हीच बसा शिवत. मी जाते घरी."

काकांनी पेटी उघडली, चाचणीची गोल, जड फ्रेम बाईंच्या नाकावर चढवली आणि एक काच सरकवली. "आता काय दिसतंय?"

"धुकं."

"आणखी?"

"धुक्यात एक म्हातारा."

"कसा आहे म्हातारा?"

"टकला."

"मग बरंच दिसतंय की!" काकांनी काच बदलली. "आता?"

बाईंनी सुतळीचं टोक ओठात ओलं केलं आणि एका फटक्यात दाभणात घातलं. मग दाभण खाली ठेवलं. स्वतःचा डावा हात वर धरला, उलटा केला, सुलटा केला. बोटांवरची चिंधी सोडली.

"एवढी भोकं?" त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या हाताला? मी म्हणत होते, म्हातारपणानं दुखतंय."

पेटीत हात घालून काकांनी त्या नंबराचा, धुऊन लख्ख केलेला एक भुऱ्या फ्रेमचा चष्मा काढला, काड्या कानामागे बसवल्या, नाकावर जरा दाबून बघितला. बाईंनी तो लगेच काढून उलटसुलट पाहिला. आता दिसायला लागलं होतं ना, मग सगळंच बघून घ्यायचं!

"काका, ही काडी कुणीतरी चघळलीय. हे बघा, दात उमटलेत. उपाशी होता वाटतं बिचारा!"

"असेल. नवी काडी बसवून देऊ?"

"नको, असू दे. मीही विचारात पडले की काहीतरी चावते. आधी सुतळी चावायचे, आता ही चावीन." चष्मा लावून त्यांनी मान ताठ केली. "कशी दिसते? मास्तरीण?"

"हेडमास्तरीण."

"पैसे किती?"

"पैसे नाहीत. रोज एकदा आभार मानायचे, बस."

"तुमचे?"

"माझे कशाला? मी पोचवणारा. मी माझ्या प्रभूचे मानतो. तुम्हाला ज्याचे मानावेसे वाटतील त्याचे माना."

"मग मी आधी या काडी चावणाऱ्याचे मानते," बाई म्हणाल्या आणि पोतं मांडीवर ओढलं. "तुमच्या प्रभूला सांगा, त्याचा नंबर दुसरा."

काका हसत हसत घरी आले. जेवायला बसले, हात जोडले. त्यांची प्रार्थना कायम एकच असायची. "प्रभू, दिसतंय, त्याबद्दल तुझे आभार."

"जेवण गार होताना दिसतंय का, तेही सांगा त्याला," काकू म्हणाल्या.

पण त्या प्रार्थनेला कारण होतं. काका सात वर्षांचे होईपर्यंत जगाला कडा नव्हत्या. त्यांची मोठी बहीण, अक्का, त्यांना हाताला धरून शाळेत न्यायची, "दगड", "खड्डा", "गुरुजी" असं पुटपुटत चालायची. खड्डा आणि गुरुजी दोन्ही चुकवायचे असायचे. आई लोकांची धुणी धुवायची. डॉक्टर, चष्मा, असल्या गोष्टी त्यांच्या घरात बोलण्यातही येत नव्हत्या. बारा वर्षांची अक्का एक दिवस एकटी उठून पाळकबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या बाळ्याला दिसत नाही. तुमच्याकडे जुनं काही आहे का?" पाळकबाईंनी दुसऱ्या दिवशी आपल्या वारलेल्या लेकाचा चष्मा काढून दिला. तो कानांवर राहीना, म्हणून अक्कानं मागून दोरी बांधली.

आणि बाळ्यानं घरी येऊन सगळ्यात आधी आईकडे पाहिलं. आईच्या अंगावर एक करडी शाल असायची. तिच्यावर वेलबुट्टीची नक्षी आहे, असं त्याला जन्मापासून वाटत आलं होतं. आपल्या आईची शाल गल्लीत सगळ्यांत भारी, अशी त्याची समजूत होती, आणि चारचौघांत तो ती बोलूनही दाखवायचा. त्या दिवशी दिसलं, की नक्षी नव्हतीच. सगळं रफू होतं. रफूवर रफू.

तो रडला नाही. त्यानं जवळ जाऊन एकेका टाक्यावरून बोट फिरवलं. आणि अक्का मागे उभी राहून म्हणाली, "दिसतंय ना? मग झालं तर."

पुढे काच घासायच्या कामाला लागला, दुकान काढलं, लग्न झालं, केस गेले, बाळ्याचा भिंगकाका झाला. पण हिशेब केला तर त्याला दिसणारी एकूण एक गोष्ट अक्कानं पाळकबाईंच्या दारात म्हटलेल्या त्या एका वाक्यापासून सुरू होत होती, आणि हे काका कधी विसरले नाहीत.

आता रविवार. उपासना सुटल्यावर अक्का दुकानाच्या पायरीवर आली. सत्तरी जवळ आलेली, पाठ अजून फूटपट्टीसारखी, हातात काळी पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. दोन महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला होता. दाजी मंडळीपुढे उभं राहून गीतं सांगायचे, मंडळी मागोमाग गायची. आवाज खणखणीत, पण दुसरं कडवं आलं की ओळ हमखास विसरायचे. मग चष्मा काढून काडी तोंडात धरायचे, आणि पहिल्या बाकावरून अक्का, ओठ न हलवल्यासारखं करून, ओळ सांगायची. चाळीस वर्षं सगळी मंडळी हे बघत होती आणि कुणालाच दिसत नाही असं दाखवत होती. दाजी गेले त्या दिवशी अक्का रडली नाही. पण तेव्हापासून ती उपासनेत गायलीही नाही. सगळे उभे राहून गायचे, ती ओठ मिटून उभी असायची. ओळ सांगायला आता समोर कुणी नव्हतं.

"बाळ्या, झाला का चष्मा?"

"कुठला?"

"कुठला काय! ह्यांचा. बुधवारी दिला नव्हता का, काडी लोंबत होती म्हणून? रिकामं घर टेबलावर घेऊन बसलेय मी." तिनं पिशवीतून चष्म्याचं मऊ काळं घर काढून दाखवलं. "शास्त्रावर ठेवायचाय त्यांच्या. असायचा तसा."

काकांचा हात आपसूक शेल्फाकडे गेला. शेल्फावर काही नव्हतं. मग पंच्याकडे. पंचा घडी घातलेला. बुधवारी संध्याकाळी त्यांनी तो स्क्रू घट्ट केला होता, हे आठवलं. आणि घट्ट करून झाल्यावर, तीस वर्षांच्या सवयीनं, जुना चष्मा दिसला की धुवायचा म्हणून, घमेल्यात टाकला होता. घमेल्यात आधीच सात-आठ होते.

"देतो ना," काका म्हणाले. "जरा... नाकपट्टी बघायचीय. मंगळवारी ये."

"नाकपट्टीला काय झालंय? आता कुणाच्या नाकावर बसणार आहे तो?"

"मंगळवारी, अक्का."

अक्का पायरी उतरून गेली आणि काकूंनी पडद्याआडून डोकं बाहेर काढलं. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांना नेहमीच सगळं ऐकू यायचं.

"गेला?"

"गेला."

"कुणाला?"

"काय माहीत! अगं, अर्ध्या मंडळीला मीच ती भुरी फ्रेम विकलीय. स्वस्तात मिळाल्या म्हणून दोन गठ्ठे उचलले होते."

"तेव्हाच म्हणाले होते, सगळे एकाच भुऱ्या फ्रेममधून देव शोधताहेत. आणि चिठ्ठी काढून टाकता तुम्ही. आता शोधा!"

"तसाच दुसरा करून देऊ?" काका अगदी हळू म्हणाले. म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

काकू पडद्याआडून पुरत्या बाहेर आल्या. मग म्हणाल्या, "वन्सं डोळे मिटून ओळखतील. काडीवर दात आहेत भाऊजींचे. चाळीस वर्षांचे."

दात! काका स्टुलावरून उठले आणि डोकं पायरीला आपटलं.

सोमवारी सकाळी त्यांनी चाक फिरवलं. दाभणबाईंच्या नंबराच्या दोन नव्या काचा घासल्या, दुकानातल्या त्यातल्या त्यात चांगल्या फ्रेममध्ये बसवल्या, आणि गोदामामागे गेले. वाटेत त्यांनी वाक्यं पाठ केली. बाई, तुम्हाला नवाकोरा आणलाय. बाई, हा जास्त हलका आहे. बाई, जरा बदलून घेऊ. वाक्यात खोटं काही नव्हतं, तरी तोंडात खडा आल्यासारखं होत होतं.

बाई शिवत होत्या. बोटांवरच्या चिंध्या गेल्या होत्या. काकांना बघून त्या हसल्या. "या, या! बघा तरी, गुरुवारपासून एकदाही टोचलं नाही."

"बाई," काका म्हणाले, "तो चष्मा... तो परत लागतोय."

पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत बाईंनी चष्मा काढला होता. का, म्हणून विचारलं नाही. चेहरा बदलला नाही. पदराच्या टोकानं काचा पुसल्या, काड्या मिटल्या आणि हात पुढे केला. "घ्या. तरी म्हटलं, इतका चांगला मला कसा मिळाला." आणि दुसऱ्या हातानं ओच्यात ठेवलेली चिंधी शोधून त्या बोटाला गुंडाळायला लागल्या.

काकांना वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिलेलं परत न्यायला कुणीतरी येणारच, याची या बाईला इतकी सवय होती की तिनं चिंधीसुद्धा टाकली नव्हती, जवळ ठेवली होती.

"नाही, नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "लावा तो. लावा. स्क्रू बघायचा होता. ठीक आहे. छान आहे. चालू द्या." खिशातला नवा चष्मा खिशातच राहिला. दहा पावलं गेल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. बाईंनी चष्मा लावला होता, पण चिंधी काही सोडली नव्हती.

संध्याकाळी ते मंगळवारची वाट न बघता अक्काकडे गेले. तिच्या खोलीत टेबलावर शास्त्र, शास्त्रावर रिकामं काळं घर. काकांनी उभ्याउभ्याच सांगितलं. घमेलं, पंचा, पेटी, गोदाम. आज परत मागायला गेलो होतो तेही. चिंधीचंही.

अक्का ऐकत होती. मग म्हणाली, "बस."

काका बसले.

"माझ्या नवऱ्याचा चष्मा तू वाटून टाकलास."

"हो."

"साठ वर्षांत तुझ्याकडे मी एक गोष्ट दिली. एक."

"हो, अक्का."

"आणि आता तू तिच्याकडून काढून आणू शकत नाहीस, कारण तिनं चिंधी गुंडाळली."

काकांनी मान खाली घातली. अक्का उठून खिडकीशी गेली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बाळ्या, तुझ्या खिशात काय आहे फुगलेलं?"

"तिच्यासाठी केलेला नवा चष्मा."

"दे इकडे. उद्या मी येते. मी मागीन. मला जमेल." तिनं तो पिशवीत टाकला. पिशवीचा पट्टा उसवलेला होता, एका धाग्यावर लोंबत होता. "रडू नकोस. काच धुरकट होते."

मंगळवारी दोघं निघाली. लहानपणी ती पुढे असायची, आजही पुढेच होती. फक्त दगड, खड्डा एवढं म्हणाली नाही.

काकांनी 'ही माझी अक्का' म्हणून ओळख करून दिली, आणि दाभणबाईंनी पोत्यांची एक घडी झटकून जमिनीवर मांडली. "बसा अक्का. खडे नाहीत याच्यात, आत्ताच बघितलंय. आता दिसतात मला."

अक्का बसली. तिची नजर त्या भुऱ्या फ्रेमवर खिळली होती. काका बाजूला उभे राहिले, दोन्ही हात मागे. त्यांना आठवेना की या वेळी कुठली प्रार्थना म्हणतात.

"बसतो का नीट, चष्मा?" अक्कानं विचारलं. आवाज जरा कोरडा होता.

"झकास! जरा ढिला होतो घाम आला की. ह्याचा मालक डोक्यानं मोठा असणार."

"डोक्यानं मोठाच होता."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या आपल्या नादात होत्या. "आणि विचारी. फार विचारी. हे बघा, काडी कशी चावलीय. मी म्हटलं, एवढा कसला विचार करत असेल बाबा? कर्ज होतं, की पोरीचं लग्न? मी मधेच दमले ना, की त्याला विचारते, काय रे बाबा, सुचलं का तुला? एकटीनं शिवत बसायचं म्हणजे कुणीतरी बोलायला लागतं."

अक्काचं तोंड हललं. काकांना वाटलं, झालं, आता मागते. पण अक्काच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला, आणि काकांना कळायला वेळ लागला की ती हसतेय.

"विचार कसला!" ती म्हणाली. "डोंबलाचा विचार! दुसरं कडवं आठवायचं नाही त्यांना! गीताचं दुसरं कडवं. चाळीस वर्षं तेच गीत, तेच कडवं, आणि दर वेळी काडी तोंडात. मग मी सांगायची."

दाभणबाईंचा हात थांबला. त्यांनी अक्काकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग काल केलं तेच केलं. चष्मा काढला, पुसला, काड्या मिटल्या, पुढे केला. "अक्का, मला माहीत नव्हतं हो. तुमच्या मालकांचा आहे. आधी का नाही सांगितलंत? मी आपली काहीबाही बोलले. उपाशी म्हणाले त्यांना!"

"उपाशी तर असायचेच. गीतं झाल्याशिवाय जेवायचे नाहीत."

अक्कानं चष्मा हातात घेतला. पिशवीत हात घातला. पिशवीतून आला तो नवा चष्मा नव्हता, रुमाल होता. अक्कानं दोन्ही काचा उजेडाकडे धरून पुसल्या, आधी एक, मग दुसरी. काडीवरच्या दातांवरून अंगठा फिरवला. एकदा. मग पुढे वाकून तो चष्मा तिनं स्वतःच्या हातानं बाईंच्या नाकावर चढवला, काड्या कानामागे नेल्या, केसाची एक बट अडकली होती ती सोडवली.

"आता काय दिसतंय?"

"तुम्ही," बाई म्हणाल्या.

"बाळ्यानं दिला होता तो चुकून. माझा मी आता देतेय. हा कुणी परत मागायला येणार नाही. ती चिंधी टाक."

बाईंनी चिंधी सोडली. कुठे टाकावी ते न कळून काकांच्या हातात दिली, आणि काकांनी ती, काय करावं ते न सुचून, खिशात घातली. ती त्यांच्याकडे अजून आहे. काकूंना वाटतं, काच पुसायचं फडकं आहे.

मग बाईंची नजर पिशवीकडे गेली. "ही काय दशा! शास्त्र पडेल एक दिवस यातून. इकडे करा."

"राहू दे गं, घरी शिवीन."

"घरी कशानं शिवणार, टाचणीनं? द्या म्हणते ना!" त्यांनी पिशवी जवळजवळ ओढूनच घेतली. दाभणात सुतळी ओवली, पहिल्याच फटक्यात, आणि पट्टा पिशवीला असा काही जोडला की त्याला बैल बांधावा. दातांनी सुतळी तोडली. "पैसे नाहीत. रोज एकदा आभार मानायचे, बस. काकांकडून शिकलेय."

"कुणाचे मानू?" अक्का म्हणाली.

"तुमचा तो आहे ना, त्याचे. मी त्याचा नंबर दुसरा लावला होता. आता काय, दोघांना शेजारी शेजारी बसवते."

परत येताना अक्का मागे होती आणि काका पुढे. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. कोपऱ्यावर ती थांबली. "बाळ्या, तो नवा चष्मा तुझ्या पेटीत टाक. आणि गुरुवारी किती वाजता निघतोस?"

"तीन."

"मी येईन. आणि यापुढे चिठ्ठ्या काढून टाकू नकोस. नाव सांगू नकोस हवं तर. पण माणूस कसा होता, एवढं सांगत जा. तिला त्यात ओझं वाटलं का? सोबत वाटली. तुला एवढे नंबर कळतात, एवढं कळत नाही?"

"आता कळलं."

"साठ वर्षांनी. दिसतंय ना? मग झालं तर."

काकूंनी सगळी हकिगत ऐकून घेतली, दोन जागी पुन्हा सांगायला लावली, आणि उठून निळं घमेलं दुकानातून घरात आणून ठेवलं. "हे आता माझ्याकडे राहील," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून चष्मे काकू धुतात, आणि आणून देणाऱ्याला खुर्ची देऊन विचारतात, "कसे होते ते?" लोक बसतात ते लवकर उठत नाहीत. चहा जास्त लागतो, अशी काकूंची तक्रार आहे. पण ती तक्रार करताना त्या स्वतःच दुसरा कप ओतत असतात.

पुढच्या रविवारी काका नेहमीप्रमाणे तिसऱ्या बाकावर होते. नवा गीत सांगणारा तरुण होता, सगळी गीतं तोंडपाठ असलेला, कुठे न अडखळणारा. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं, आणि पहिल्या बाकावरून एक जाडसर, सरावात नसलेला आवाज अर्ध्या ओळीनं पुढे धावला, जसा कुणाला तरी ओळ सांगायला धावतो. तरुण जरा दचकला. मंडळीतल्या जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही असं दाखवलं.

"प्रभू, दिसतंय," काका मनात म्हणाले, आणि पुढचं म्हणायचं राहूनच गेलं. कारण अक्काच्या खांद्यावर ती काळी पिशवी होती, आणि पट्ट्यावर जाड, पिवळट सुतळीचे सहा टाके, वाकडेतिकडे, एकावर एक. तीन बाकं मागून त्यांना ते एकेक वेगळे दिसत होते.